अंदमानची सहल आणि पितळी कुलूप

आपल्या वस्तीतील कुटुंब सहलीला निघाले की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो चोरीचा. "घर कोणाच्या भरवशावर टाकता?" आणि लगेच दुसरा, "परक्या मुलखात पैसे कसे सांभाळाल?" जानेवारी २०२५ मध्ये आम्ही चार कुटुंबे अंदमानला निघालो तेव्हा हे दोन्ही प्रश्न आम्ही निदान पन्नास वेळा ऐकले. सहल सुखरूप पार पडली. पण चोरीच्या बाबतीत जे शिकायचे ते घरातून निघताना वाटले होते त्याहून वेगळेच निघाले. आपल्या वाचक बंधू-भगिनींपैकी कोणी तिकडे जाणार असेल तर उपयोगी पडावे म्हणून ही हकीकत.

आम्ही चौघे एकाच सरकारी खात्यातले. दोन कारकून, एक शिपाई, एक वाहनचालक. मुले-बाळे, म्हातारी माणसे धरून चौदा जण. केंद्र सरकारच्या नोकरांना रजा प्रवास सवलतीत अंदमानला विमानाने जाता येते, म्हणून हा योग आला. मात्र सवलत फक्त तिकिटाची. राहणे, खाणे, बोटीचे भाडे सारे पदरचे. त्यासाठी दोन वर्षे भिशी लावली होती. अशा पैशातला एक रुपया गेला तरी जिवाला लागतो.

म्हणून तयारी कसून केली. सामाईक खर्चाची खजिनदारी आमच्याकडे आली, कारण बी.कॉम. झालेले आम्हीच. सगळी रक्कम एका जागी न ठेवता चार घरांत वाटली. वहिनींनी परकराला आतून चोरखिसे शिवले. आधार कार्डाच्या झेरॉक्स प्रती काढून प्रत्येक पिशवीत एकेक ठेवली, कारण तिथे बोटीच्या तिकिटालाही ओळखपत्र लागते. बोर्डिंग पासासाठी वेगळी प्लॅस्टिकची पिशवी केली. तो कागद हरवला तर सवलतीचे बिल अडते, म्हणजे तीही एक चोरीच. सोने घरी नाही, बँकेत ठेवले. आणि एक मोठे पितळी कुलूप बरोबर घेतले.

चेन्नईहून विमान सुटले की दोन-सव्वादोन तासांत खाली हिरवी बेटे दिसू लागतात. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले, पण रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून जुनेच नाव होते. तमिळ, बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, छोटा नागपूरकडचे आदिवासी, सगळी माणसे तिथे मिळून राहतात आणि आपसात हिंदी बोलतात. जानेवारीतही घाम येतो. सूर्य साडेपाचच्या आत बुडतो आणि सहाला किनाऱ्यावर अंधार होतो. आपल्याकडच्या सवयीने 'अजून वेळ आहे' म्हणत बसले तर सामान गोळा करायची वेळ अंधारात येते. वस्तू राहून जातात त्या तेव्हाच.

पहिला फटका पहिल्याच दिवशी बसला. शहरापासून जवळच कॉर्बिन्स कोव्ह हा किनारा आहे. माडांची रांग, शांत पाणी. ते पाहून आम्ही सारे हुरळलो आणि कपड्यांची पिशवी माडाखाली टाकून चौदाही जण पाण्यात उतरलो. पंधरा मिनिटांनी वर आलो तेव्हा पिशवी होती, पण शिपाईदादांच्या मुलाचा फोन नव्हता. कोणी नेला ते आजतागायत कळले नाही. आसपास फेरीवाले होते, आमच्यासारखे प्रवासी होते, मोटारींचे चालकही होते.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथे तक्रार नीट लिहून घेतली, प्रत दिली. ती प्रत फार कामाची. फोन बंद करायला फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो. तो आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता. शेवटी गावाकडे शेजाऱ्यांना फोन करून कपाटावरच्या रिकाम्या खोक्यावरून तो वाचून घेतला. वाचकांनी आजच आपल्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबावे. पडद्यावर येणारा पंधरा आकडी क्रमांक वहीत लिहून ठेवावा. फोन गेला तर आधी सिमकार्ड बंद करावे, मग बँकेला कळवावे. तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी या सेवेवर तो फोनही बंद पाडता येतो. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. तिथे उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात पळतात.

त्या संध्याकाळी आम्ही पाळ्या लावल्या. कोणी पाण्यात गेले तरी दोघांनी सामानापाशी बसायचे. पहिल्या दोन पाळ्या आपसूक बायकांच्या वाट्याला आल्या. तेव्हा थोरल्या वहिनी म्हणाल्या, "समुद्र काय फक्त पुरुषांनीच पाहायचा?" मग वहीत तक्ता करून पुरुषांचीही नावे घातली.

तिसऱ्या दिवशी सरकारी बोटीने हॅवलॉकला गेलो. या बेटाला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात. बोटीत सगळ्यांचे सामान एका जागी रचतात आणि उतरताना एकच झुंबड उडते. काळ्या बॅगा सगळ्या सारख्याच. आम्ही आमच्या प्रत्येक बॅगेला निळी फीत बांधली होती, म्हणून अदलाबदल झाली नाही. हॅवलॉकला एटीएम मोजकीच आहेत, त्यामुळे रोख रक्कम बरोबर नेणे भाग असते. आमच्याजवळ त्या दिवशी सामाईक खर्चाचे अठरा हजार पाचशे रुपये खाकी पाकिटात होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी राधानगरच्या किनाऱ्यावर जायला निघालो. गाडीवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची म्हणून बॅग उघडली, तर पाकीट नाही. सगळी बॅग पालथी घातली. अंगाला दरदरून घाम सुटला. मग कोणीतरी म्हणाले, "सकाळी खोली झाडायला ती बाई आली होती." कोण म्हणाले ते लिहीत नाही. कारण म्हणाला एक, पण मान सगळ्यांनी डोलावली.

आम्ही खाली जाऊन लॉजच्या व्यवस्थापकाला सांगितले. त्याने त्या बाईला हाक मारली. पंचविशीतली असेल. रांचीकडून जंगलतोडीच्या कामाला आणलेल्या आदिवासी मजुरांची नात. अशांना तिथे सरसकट 'रांची'च म्हणतात. व्यवस्थापकाने तिला आमच्यासमोर पिशवी रिकामी करायला लावली. आम्ही त्याला थांबवले नाही, हे इथे कबूल केले पाहिजे. टेबलावर भाताचा डबा आला, कंगवा आला, मुलाच्या औषधाची बाटली आली आणि घडी करून ठेवलेले दीडशे रुपये आले. ती एक शब्द बोलली नाही. व्यवस्थापकाने तक्रारीच्या रजिस्टरात तिचे नाव लिहिले.

इतक्यात आमची आई नातवंडांना घेऊन समुद्रावरून परतली. गर्दी पाहून तिने विचारले, आणि ऐकून म्हणाली, "पैसे ना? ते चिवड्याच्या डब्यात आहेत. सकाळी तुम्ही खोली सताड उघडी टाकून चहाला गेलात, म्हणून मी ठेवले." पितळी कुलूप खिडकीत तसेच पडले होते. घरून एवढे वजन वाहून आणले आणि कडीला लावायचेच विसरलो.

आईने त्या टेबलावरचे सामान पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. आम्ही दुसरी-तिसरीत असताना ती एका बंगल्यात धुणीभांडी करायची. तिथली चांदीची वाटी हरवली तेव्हा तिच्याही पदराची गाठ सर्वांसमोर सोडायला लावली होती. वाटी दोन दिवसांनी मांडणीच्या मागे सापडली. पण सापडली म्हणून सांगायला कोणी आले नाही. आईने ते काम सोडले. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, सभांमधून सांगतही आलो. आणि आता तेच आमच्या हातून घडले होते.

आई पुढे झाली. त्या मुलीचा डबा, कंगवा, बाटली तिने स्वतःच्या हाताने पिशवीत भरून दिली आणि हात जोडले. मग आम्ही सर्वांनी जोडले. एक भाऊ पाचशेची नोट काढू लागले. ती म्हणाली, "पैसा नहीं चाहिए. रजिस्टर से मेरा नाम काट दीजिए."

कारकुनाला रजिस्टरचे महत्त्व सांगावे लागत नाही. नुसते नाव खोडले तर खोडलेले दिसते आणि संशय वाढतो. म्हणून आम्ही त्या नोंदीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले की पैसे आमच्याच सामानात सापडले, खोली उघडी टाकण्याची चूक आमची, या बाईंचा यत्किंचितही दोष नाही. तारीख, वेळ घालून आमच्यातल्या सर्व मोठ्या माणसांनी सह्या केल्या. त्या पानाची झेरॉक्स तिला दिली. तिने ती औषधाच्या बाटलीला गुंडाळली.

राधानगरला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. किनारा सुंदर आहे, पण त्या दिवशी कोणी फारसे बोलले नाही.

पोर्ट ब्लेअरला परतल्यावर एक दिवस गाडी करून माउंट हॅरिएटला गेलो. या डोंगराला २०२१ पासून माउंट मणिपूर म्हणतात. रस्त्यात फेरारगंज नावाचे गाव लागते. गाडीचा चालक तिथलाच जन्मलेला. तो म्हणाला, त्याचे पूर्वज इथे शिक्षा भोगायला आले होते. इंग्रजांनी १८५८ मध्ये अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू केली. सुटलेले पुष्कळ कैदी इथेच स्थायिक झाले, संसार केले. फेरारगंजच्या भागात मात्र १९२६ च्या सुमारास उत्तरेकडून भांतू जमातीची माणसेही आणून वसवली. भांतूंची संपूर्ण जमातच कायद्याने चोर ठरवलेली. बाया, पोरे, म्हातारेकोतारे सगळे.

हा कायदा म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. आपल्या महाराष्ट्राला तो परका नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारांच्या आत याच कायद्याखाली कुटुंबेच्या कुटुंबे कोंडली होती. ठरलेल्या वेळी हजेरी, आणि गावाबाहेर जायचे तर परवाना. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि ते लोक विमुक्त झाले. पण कुठे चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्याच पालावर जातात, हे आपण पाहतो. एकदा नाव रजिस्टरात चढले की कायदा जातो, नाव मात्र राहते. गाडीत बसल्या बसल्या आम्हाला ते लॉजचे रजिस्टर आठवत राहिले. आईने वेळेवर डबा दाखवला नसता तर तिथल्या पानावर काय राहिले असते?

परतीच्या दिवशी विमानतळावर आणखी एक धडा मिळाला. सामान यंत्रातून जाताना आमच्या धाकट्याची पिशवी बाजूला काढली. तिच्यात किनाऱ्यावरून वेचलेले पोवळ्याचे तुकडे निघाले. पोवळ्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मेलेला तुकडाही उचलून नेणे गुन्हा ठरू शकतो. अधिकाऱ्याने समज देऊन तुकडे ठेवून घेतले. पोरगा रडवेला झाला, "मी चोरले नाही, पडलेले होते." आम्ही त्याला दुसऱ्या शीलाची आठवण दिली. जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही, मग ते पडलेले का असेना. शंख-शिंपल्याच्या वस्तू हव्या असतील तर परवानाधारक दुकानातून घ्याव्यात आणि पावती हाताशी ठेवावी.

घरी आल्यावर वहीतला हिशेब पुरा केला. चोरीस गेले ते म्हणाल तर एक फोन. तोही आमच्याच गाफीलपणामुळे. बाकी चौदा माणसे, अकरा बॅगा आणि सगळे बोर्डिंग पास सुखरूप परतले.

आता वस्तीत कोणी विचारले की आम्ही सांगतो. पैसे विभागून ठेवा. कोणी कुठे काय ठेवले ते निदान दोघांना ठाऊक असू द्या. सामानापाशी पाळीने बसा. चहाला दोन मिनिटे जायचे तरी कुलूप लावा. आणि एखादी वस्तू दिसली नाही तर पहिला अर्धा तास आपल्याच पिशव्या, डबे, खिसे शोधा, घरच्या प्रत्येकाला विचारा. त्यानंतरही सापडली नाही तर पोलिसांत जा आणि काय हरवले तेवढे लिहा. कोणी नेले हे डोळ्यांनी पाहिले नसेल तर कोणाचे नाव लिहू नका.

पितळी कुलूप आता आमच्या दाराला आहे. आई रोज झोपताना ते ओढून पाहते आणि चिवड्याच्या डब्यातही एकदा डोकावते.