कच्ची लिंबं

मावशीच्या वसाहतीचं माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलंय. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, छोटं चित्रपटगृह, योगवर्ग, वाचनालय. फोटोतले सगळे आजी-आजोबा खदखदून हसतायत आणि सगळ्यांचे दात जागच्या जागी.

पुण्याच्या आसपास आता अशा वसाहती बऱ्याच झाल्या. परांजपे स्कीम्सनं पाषाण, बाणेर, हडपसर या भागांत ‘अथश्री’ची घरं बांधली, तेव्हा “म्हणजे वृद्धाश्रमच की!” असं म्हणून नाकं मुरडणारी मंडळी आमच्याही घरात होती. कल्पना मुळात दूरदेशची. अमेरिकेत, ॲरिझोनाच्या रखरखीत प्रदेशात, डेल वेब या बिल्डरनं १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ लोकांसाठी खुली केली. गोल्फचं मैदान, दुकानं, करमणुकीचं केंद्र, सगळं आधीच तयार ठेवलेलं. निवृत्त माणसाला डोक्यावर छप्पर लागतं तसा हातात दिवसही लागतो, हे त्यानं धंद्याच्या नजरेनं का होईना, ओळखलं. सुरुवातीच्या त्या दोन-तीन दिवसांत लाखभर माणसं बघायला लोटली होती म्हणे.

मावशीकडचा तलाव बहुतेक वेळ निळाशार आणि रिकामा असतो. कारण विचारलं तर कुणी सर्दीचं देतं, कुणी गुडघ्यांचं. खरं कारण पोहण्याचा पोशाख असावा, असं माझं मत. माहितीपत्रकात ज्यांचा फोटो नाही अशा सोयीच तिथे दिवसभर राबतात. घरांना उंबरे नाहीत. वॉकर अडू नये, पाय अडखळू नये, म्हणून फरशी आतून बाहेर सलग गेलेली. मावशी तरीही दारात, जिथे उंबरा असायला हवा होता तिथे, रोज चार बोटांची रांगोळी काढते आणि आल्यागेल्याला ती ओलांडायला लावते. न्हाणीघरातली धोक्याच्या घंटीची दोरी थेट जमिनीपर्यंत लोंबते. घसरून पडलेल्याच्या हाताला ती लागली पाहिजे ना. अंघोळीला जाताना मावशी त्या दोरीकडे बघतही नाही. पण ती आहे, म्हणूनच कडी न लावता गाणं गुणगुणत अंघोळ करते.

हे सगळं पैशाचं काम आहे, हेही बोललं पाहिजे. पेन्शन, विकलेला जुना फ्लॅट, परदेशातला मुलगा, यांतलं काहीतरी गाठीशी लागतं. मावशीकडे लादी पुसायला येणाऱ्या बाईंनीही साठी ओलांडली आहे. त्यांच्या उतारवयाचं माहितीपत्रक कुणी छापलेलं नाही.

संध्याकाळी मात्र क्लबहाउसच्या वरच्या खोलीत जागा मिळत नाही. तिथे पेटीचा वर्ग भरतो. मावशीनं शाळेत गणित शिकवण्यात जन्म घालवला. हात घालेल ते काम चोख, पुरणपोळीसुद्धा कंपासनं काढल्यासारखी. ती आता भूप वाजवते, आणि वाईट वाजवते. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. पण तिचं बोट गंधारावरून पंचमाकडे निघालं की वाटेत मध्यमावर हटकून टेकतं. तो स्वर चारचौघांत उघडा पडतो, शिक्षिका डोळे मिटून घेतात, आणि मावशी हसत सुटते. चुकल्यावर हसणारी मावशी मी त्याआधी पाहिली नव्हती. आमच्या लहानपणी तिच्याकडून पाव मार्क सुटायचा नाही.

लपंडावात धाकट्या भावंडांना आपण कच्चं लिंबू करायचो. पळायचं सगळ्यांबरोबर, लपायचं, ओरडायचं. राज्य मात्र यायचं नाही. त्या खोलीत सगळीच कच्ची लिंबं आहेत. नोकरीत, संसारात, पोरांच्या लग्नांत यांच्यावर इतकी वर्षं सतत राज्य होतं की बिनराज्याच्या खेळाला ती आता हपापली आहेत. अशा वर्गांना ‘वेळ घालवायची साधनं’ म्हटलं की मला राग येतो. वेळ काय, टीव्हीसमोरही जातो. वाईट वाजवायला मात्र धीर लागतो, आणि आपल्याइतकीच वाईट वाजवणारी चार माणसं शेजारी लागतात.

हे माझं तत्त्वज्ञान ऐकून रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका मात्र चिडले. “आम्हाला लिंबू म्हणता?” त्यांनी थेट गांधर्व महाविद्यालयाच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेचा अर्ज भरला. केंद्रावर आजूबाजूला तिसरी-चौथीतली पोरं असतील, याची त्यांना फिकीर नाही. पोरांच्या पुढे नंबर काढायचाय. वर्गात उभे दोन तट पडले. मावशी विरोधकांची पुढारी. “जन्मभर पेपर तपासले, आता मला कुणी तपासायचं नाही,” असं तिनं ठणकावून सांगितलं आणि अर्ज परत केला.

गेल्या आठवड्यात मी फोन केला तर पलीकडून आधी काकांचा आवाज आला, चाचरत आरोह म्हणणारा. मग मावशीचा, शाळेतला, जसाच्या तसा: “अवरोह राहू दे. वादी सांगा आधी. धैवत? धैवत संवादी! उभे राहा.”