वणव्याचा धूर आणि ओला रुमाल

फेब्रुवारी लागला की आमच्याकडच्या डोंगरांवर रात्री आगीच्या लाल रेषा दिसू लागतात. शहरातून आलेले पाहुणे फोटो काढतात. मला मात्र दुसऱ्या दिवशीची ओपीडी दिसते. सह्याद्रीतले बहुतेक वणवे आपोआप लागत नाहीत. पुढच्या वर्षी गवत चांगलं येईल म्हणून कुणी काडी लावतो, कुणाची बांधावरची आग हाताबाहेर जाते. त्यावर वनखात्याने बोलावं, मी धुराबद्दल बोलतो.

दोन वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आले होते. दमा जुना. गावामागचा डोंगर दोन दिवस जळत होता आणि हे ओटीवर बसून. "मामांनी ओला रुमाल नाकावरून एकदासुद्धा काढला नाही," सून सांगत होती. तिने खरंच काळजी घेतली होती. पण आजोबांना एक वाक्य एका दमात पुरं करता येत नव्हतं. ऑक्सिजन आणि नेब्युलायझर सुरू करून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावं लागलं.

रुमालाने राख आणि काजळीचे मोठे कण अडतात, घसा कमी जळतो, म्हणून बरं वाटतं. खरा उपद्रव २.५ मायक्रॉनहून लहान कणांचा. आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही ते बारीक असतात. कापडाच्या विणीतून ते आरामात आत जातात, फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. म्हणूनच धुराच्या दिवसांत हृदयविकाराच्या रुग्णाच्या छातीत दुखलं, तर "धुरानेच असेल" म्हणून घरी बसू नका.

बाहेर जावंच लागलं तर एन-९५ मास्क. नाकावरची पट्टी दाबून बसवा आणि जोरात श्वास सोडून पाहा. कडेने हवा सुटत असेल तर धूरही तिथूनच आत येणार. दाट दाढीवर हा मास्क नीट बसत नाही, हे आमच्या तरुण मंडळींना आवडत नाही, पण तसंच आहे.

मास्कपेक्षाही मोठा उपाय म्हणजे घरात थांबणं. कौलारू घराला फटी फार, तेव्हा त्यातल्या त्यात बंद होणारी एक खोली निवडा आणि दाराखाली ओलं फडकं लावा. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, तो बंद ठेवा. त्याच खोलीत उदबत्ती किंवा डासांची कॉइल लावू नका. आतला धूर काही वेगळ्या जातीचा नसतो. रात्री गार हवेबरोबर धूर दरीत उतरून साचतो आणि पहाटे बऱ्याचदा सर्वांत दाट असतो. म्हणजे नेमका फिरायला जाण्याच्या वेळी. तेवढे दिवस फिरणं राहू दे.

गूळ खाऊन फुप्फुसं साफ होत नाहीत. गूळ अन्ननलिकेतून जातो, धूर श्वासनलिकेतून. दम्याच्या रुग्णांनी रोजचा पंप रोज घ्यावा आणि तातडीचा पंप जवळ ठेवावा. तो संपलाय का, हे वणव्याच्या रात्री नव्हे, जानेवारीतच पाहावं. बोलताना धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले तर लगेच दवाखाना गाठा.

आग विझवायला गेलेल्या पोरांबद्दल एक वेगळी गोष्ट. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी आली तर रक्तात कार्बन मोनॉक्साइड गेलेला असू शकतो. अशा वेळी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर फसतो, ९८ दाखवतो. आकड्यावर विसंबू नका. मोकळ्या हवेत आणा आणि ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.

आणि अंगणात पडलेली राख कोरड्या झाडूने लोटू नका. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, मग झाडा. दमेकऱ्याने तेही काम दुसऱ्याकडे द्यावं.