उतरणीचा पाय

काशीत पौषाचे धुके दाटले, की समोरची गंगाही दिसेनाशी होते. दुर्गाघाटावरील आमच्या घरात यंदा मीही तसाच दिसेनासा झालो होतो. वय पंचाहत्तर, नवरात्रात झालेली खुब्याची शस्त्रक्रिया आणि वर ही थंडी! दुलई सोडवत नसे. निजून राहिल्याने स्नायू झिजतात, सांधे आखडतात, हे कळत होते, वळत नव्हते.

व्यायाम शिकविणाऱ्या मुलीने जिन्याचा नियम सांगितला : चढताना धड पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा. जन्मभर धड पायाच्या भरवशावर वावरलेल्या मला हे उफराटे वाटले. पण दुखऱ्याला पुढे धाडून धडाने मागून भार तोलायचा, यातले शहाणपण हळूहळू उमगले. वॉकर धरून ओसरीत दहा फेऱ्या, मग वीस; पुढे काठी घेऊन चौकातल्या उन्हात.

संक्रांत सरल्यावर, महिनाभर नाकारलेला शेजारच्या मुलाचा हात मी आपण होऊन मागितला. घाटाच्या पाच पायऱ्या उतरलो. पाणी अजून बरेच खाली होते. तेथूनच नमस्कार केला आणि माघारी वळलो. आता धड पाय आधी.