आधी बँकेला, मग घरच्यांना!

खात्यातून आपण न काढलेले पैसे गेले, तर आधी कुणाला सांगाल? बँकेला, असंच म्हणाल ना? पण मैत्रिणींनो, खरं सांगा. आपल्यातल्या पुष्कळजणी ‘आता ह्यांना काय सांगू?’ या विचारातच दोन-तीन दिवस घालवतात. चोरापेक्षा घरच्यांच्या बोलण्याची धास्ती जास्त! आणि नेमके तेच दिवस पुढे महागात पडतात.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचंच बघा. शिवणकामातून पै-पै साठवलेले पैसे. कार्ड कपाटातल्या डब्यात, आणि मोबाईलवर संदेश आला की परराज्यातल्या एटीएममधून चोवीस हजार काढले! दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही, पण भावजींजवळ अवाक्षर काढलं नाही. ‘तुला कशाला हवं होतं कार्ड?’ हे ऐकायची त्यांची तयारी नव्हती. तिसऱ्या दिवशी मला कळलं, तशा आम्ही दोघी बँकेत गेलो. तिथले साहेब म्हणाले, “पिन तुम्हीच कुणाला तरी सांगितला असणार.” झालं! बाईमाणूस म्हणजे विसरभोळी नाहीतर भोळसट, हे ठरलेलंच.

पण कार्ड घरात असूनही पैसे जाऊ शकतात, बरं का! चोर एटीएमला छोटं यंत्र लावून कार्डावरच्या काळ्या पट्टीची नक्कल करतात आणि लपवलेल्या कॅमेऱ्यानं पिन टिपतात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं, की चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. दोष बँकेचाच असेल तर ग्राहकाला काहीच तोशीस नाही. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, असं असेल तर संदेश आल्याचा दिवस सोडून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं की पूर्ण रक्कम परत. चार ते सात दिवस लागले, तर साध्या बचत खात्यावर दर व्यवहाराला दहा हजारांपर्यंत झळ आपल्याला. त्याहून उशीर झाला, तर बँकेच्या धोरणावर सगळं. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा, हेही त्यातच आहे.

आम्ही हेच लेखी दिलं, पोच घेतली. दोनदा खेटे घालावे लागले, पण पैसे आले!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ओटीपी किंवा पिन आपणच कुणाला सांगितला, तर त्या नियमाप्रमाणे कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. मात्र कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे फसलेल्या बाईनंही गप्प बसण्यात फायदा नाही, उलट तिनं जास्तच घाई करायला हवी.

शिवाय ‘ओटीपी गेला’ एवढं म्हणून बँकेला दरवेळी सुटता येत नाही. ऑनलाइन खरेदी परत करताना फसलेल्या एका ग्राहकानं चोवीस तासांच्या आत बँकेला कळवलं होतं. त्याचे ९४,२०४ रुपये बँकेनं द्यावेत हा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ३ जानेवारी २०२५ ला कायम ठेवला.

तेव्हा एवढं कराच. आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. मग शाखेत लेखी अर्ज देऊन शिक्क्याची प्रत घ्या. मोबाईलवरचा संदेश पुसू नका. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी पडत नाही. आणि आपल्या बँकेचे आजचे नियम शाखेत एकदा विचारून ठेवा.

आणि हा अंक घरातल्या पुरुषमंडळींच्याही हाती पडत असेल, तर त्यांना एकच विनंती. पैसे गेल्याचं सांगायला बायको, आई किंवा सून आली, की ‘कसे गेले?’ हे नंतर विचारा. पहिला प्रश्न ‘बँकेला फोन केलास का?’ हाच असू द्या. रागावायला आयुष्य पडलंय, तक्रारीला मात्र तीनच दिवस!