दृष्टीस पडणे

मराठीत ‘पडणे’ या क्रियापदाचा संसार फार मोठा आहे. प्रश्न पडतो, विसर पडतो, भीड पडते, गाठ पडते. एखादी गोष्ट अंगवळणी पडते, एखादी दृष्टीस पडते. यांतल्या एकाही पडण्यात वरून खाली येणे नाही. वाक्प्रचारांच्या तासाला ही उदाहरणे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे आणि लाक्षणिक अर्थ मूळ अर्थाला किती मागे टाकून येतो, हे विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. पाहणे आणि पडणे ही दोन्ही कामे ज्यांना अक्षरशः एकाच वेळी करावी लागतात अशा माणसांची एक जमात जगात आहे, हे मात्र मला भाच्यामुळे कळले.

भाचा अमेरिकेत फिनिक्सला नोकरी करतो. तिथून टूसानच्या वाटेवर इलॉय नावाचे वाळवंटातले गाव आहे आणि त्या गावापाशी स्कायडायव्हिंगचे एक प्रसिद्ध केंद्र. गेल्या हिवाळ्यात ताई आणि मी महिनाभर त्याच्याकडे होतो. शनिवार उजाडला की तो इलॉयला निघे आणि आम्ही दोघी डबा घेऊन त्याच्याबरोबर. विमान माणसे घेऊन वर जाई, जाता जाता ठिपक्याएवढे होई. साधारण 13,000 फुटांवर दार उघडे, माणसे बाहेर पडत. पण खालून ती दिसत नसत. मग बऱ्याच खाली, एकदम, रंगीत छत्र्या उमललेल्या दिसत. दार उघडण्यापासून छत्री उघडण्यापर्यंतचे ते मिनिट जमिनीवरच्या माणसांच्या वाट्याला येतच नाही. त्या मिनिटात ताई डब्याचे झाकण हातात धरून बसलेली असे.

ते मिनिट खाली घेऊन येणाऱ्याला ‘कॅमेरा फ्लायर’ म्हणतात. मराठी प्रतिशब्द शोधण्याचा माझा व्यावसायिक उद्योग मी इथेही करून पाहिला. ‘आकाशचित्रक’ हा त्यातल्या त्यात बरा निघाला, पण भाच्याने तो ऐकून ‘बुडित बँकेचे नाव वाटते’ असे म्हटल्यावर मी तो मागे घेतला. हा माणूस हेल्मेटवर कॅमेरा बसवून इतरांबरोबर विमान सोडतो आणि त्यांच्याच वेगाने पडत त्यांचे चित्रण करतो. हात त्याला पंखांसारखे वापरायचे असतात. बाही आणि कंबर यांच्यामध्ये कापड शिवलेला खास पोशाख असतो. ते कापड पसरले की पडण्याचा वेग कमी होतो, आवळले की वाढतो. हात असे गुंतलेले, म्हणून छायाचित्र टिपायचे बटण दातांत धरलेले असते. एका डोळ्यासमोर वर्तुळे असलेली एक बारीक काच, नेम धरण्यासाठी. जमिनीच्या हिशेबाने ही सगळी मंडळी ताशी 190 किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येत असतात. एकमेकांच्या हिशेबाने ती जागच्या जागी तरंगत असतात. चित्रणात दिसते ते हे दुसरे सत्य. पहिले सत्य चौकटीत मावत नाही, आणि धोका तिथेच आहे.

मुंडकोपनिषदात एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांचा दृष्टान्त आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहत राहतो. कादंबरीतला तटस्थ निवेदक शिकवताना मी हा दृष्टान्त हमखास वापरते. इलॉयच्या बाकावर बसले असता मला एकदम जाणवले की त्या दुसऱ्या पक्ष्याला बसायला फांदी आहे. साक्षीभावाविषयी आपल्याकडे जे काही बोलले जाते ते सगळे ही फांदी गृहीत धरूनच. इथे फांदी नाही. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यात पडण्यापुरता तरी काहीच भेद नाही; असलाच तर पाहणाऱ्याच्या अंगावर एक काम जास्त आहे, एवढाच.

त्या कामाला प्रतिष्ठाही आहे. चौघांनी आकाशात एकमेकांना धरून ठरलेल्या रचना करण्याची स्पर्धा असते. तिच्यात संघ पाच जणांचा असतो आणि पाचवा हा कॅमेरा फ्लायर. विमान सोडल्यापासून 35 सेकंदांत जितक्या रचना पूर्ण होतील तितके गुण, पण पंच ते गुण देतात जमिनीवर पडद्यासमोर बसून. धरलेला हात चित्रात स्पष्ट दिसला नाही तर त्या हाताचा उपयोग नाही. थायलंडमध्ये 2006 च्या फेब्रुवारीत 400 जणांनी एकत्र रचना करून विश्वविक्रम केला, तोही असाच चित्रांवरून पडताळला गेला. पुराव्यावाचून विक्रम नाही, आणि पुरावा देणारा स्वतः चित्रात नाही.

पूर्वी ही विद्या मोजक्या लोकांची होती. कॅमेरे जड आणि महाग, हेल्मेट घरी बनवलेले. ‘द जिप्सी मॉथ्स’ या 1969 च्या चित्रपटासाठी आकाशात चित्रण करणारा कार्ल बोएनिश पुढे, 1978 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन कड्यावरून पॅराशूटने उड्या घेणाऱ्यांचे चित्रण करू लागला आणि त्या खेळाचा जनक म्हणून ओळखला गेला. 1984 मध्ये नॉर्वेत अशाच एका कड्यावरून उडी घेताना तो गेला. त्या काळी डोक्यावरचे ओझेच माणसाला बजावत असे की आपण काही वेगळे करतो आहोत. 2009-10 नंतर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, वजन जाणवू न देणारा कॅमेरा कोणालाही परवडू लागला आणि ते बजावणे बंद झाले. नव्याने उडी शिकलेला प्रत्येक जण विचारू लागला, एवढासा तर आहे, लावला तर काय बिघडले?

ताईनेही तेच विचारले. तिची मागणी साधी होती. “एकदा तरी कॅमेरा लावून उडी मार. मला बघू दे तरी तू वर काय करतोस ते.” त्या वेळी त्याच्या लॉगबुकात 179 उड्या होत्या. तो म्हणाला, “दोनशे झाल्याशिवाय नाही, आई.” अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेची शिफारसच तशी आहे: कॅमेऱ्यासह पहिली उडी घेण्याआधी ‘सी’ परवाना हवा, आणि त्या परवान्याला किमान 200 उड्या लागतात. ताईने मग राखीव अस्त्र काढले. “आपल्या पुण्याच्या शीतल महाजन नऊवारी नेसून उडी मारतात, त्यांचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत येतात, आणि तुला एक व्हिडिओ जड?” ती 2018 मधली पट्टायाची उडी. भाचा हसून म्हणाला, “त्यांनी ती साडी नेसली तेव्हा त्यांच्या नावावर शेकड्यांनी उड्या होत्या. आणि फोटो कोणी काढला, ते तू कधी विचारलेस का?” ताईने विचारले नव्हते. मीही नाही. कोणीच विचारत नाही.

दोनशेच का, याचे उत्तर मला त्याच्या शिक्षकाकडून मिळाले. साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा गृहस्थ. कॅमेऱ्याने दोन प्रकारचे धोके येतात, असे तो म्हणाला. पहिला दिसणारा. पाठीवरच्या पिशवीतली मुख्य छत्री बाहेर ओढण्यासाठी आधी एक चिमुकली छत्री हवेत सोडतात. तिची पट्टी किंवा मोठ्या छत्रीच्या दोऱ्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात अडकू शकतात. म्हणून कॅमेऱ्याला टोके, फटी, सुटे स्क्रू असता कामा नयेत. हनुवटीखालचा पट्टा एका हाताने, न पाहता, सोडता यायला हवा, म्हणजे अडकलेच तर हेल्मेट टाकून देता येईल. पोशाखाचे पंख बिघडलेली छत्री तोडून टाकायच्या आणि राखीव छत्री उघडायच्या हँडलांवर येत नाहीत ना, हे जमिनीवर तपासायचे. छत्री उघडते त्या क्षणी जोराचा हिसका बसतो. डोक्यावर वजन असलेल्याने तेव्हा मान वाकडी करून वर पाहायचे नाही.

दुसरा धोका न दिसणारा, आणि त्याच्या मते खरा तोच. माणसाचे लक्ष एकच असते. नवशिक्याचे सगळे लक्ष पडण्यावर खर्च होते: उंची किती, शरीर सरळ आहे का, शेजारचा कुठे आहे, छत्री कधी उघडायची. त्यातून काही उरले तरच ते कॅमेऱ्याला देता येते. उरत नसताना दिले तर ते उंचीच्या वाट्यातून जाते. तीन सेकंद चौकट जुळवण्यात गेली की दीडशे मीटरहून अधिक आकाश संपलेले असते. दोनशे उड्या म्हणजे पहिले काम अंगवळणी पडायला लागणारा काळ. मी त्याला ‘अंगवळणी’ हा शब्द फोड करून सांगितला, अंगाला लागलेले वळण. त्याला तो आवडला असावा, कारण त्याने तो दोनदा उच्चारून पाहिला, दोन्ही वेळा चुकीचा.

या आकड्यावर मात्र माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही, आणि त्याला कारण आहे. 1988 च्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनात एका अनुभवी कॅमेरा फ्लायरने इतरांचे चित्रण करण्यासाठी विमान सोडले. त्याच्या नावावर 800 हून अधिक उड्या होत्या. हेल्मेटवर कॅमेरा होता, चित्रण साठवणारे यंत्र अंगावर होते, पॅराशूट नव्हते. ते घालायचेच राहिले होते. अंगावरच्या यंत्राच्या वजनाने पॅराशूट असल्याचा भास झाला असावा, असा तर्क तेव्हा मांडला गेला. चित्रफीत नंतर सापडली. मी ती पाहिलेली नाही आणि पाहण्याची इच्छा नाही. ‘विसर पडणे’ हा प्रयोग मात्र त्या दिवसापासून वर्गात उदाहरण म्हणून द्यायला जीभ अडखळते. त्या माणसाचे लक्ष दिवसभर इतरांवर होते. तेच त्याचे काम होते. अंगवळणी पडलेली गोष्टच अशी निसटते, नवशिक्याची निसटत नाही. म्हणून अनुभवापेक्षा कंटाळवाणा विधीच मला अधिक भरवशाचा वाटतो: सामान अंगावर चढवण्यापूर्वी एकदा, विमानात पाऊल ठेवण्यापूर्वी दुसऱ्यांदा, दार उघडण्यापूर्वी तिसऱ्यांदा तपासणे, आणि पाठीमागचे दुसऱ्याने तपासणे, कारण स्वतःची पाठ कोणालाच दिसत नाही. इलॉयला हा विधी शंभरदा पाहिला. आमच्या घरी सोवळ्यातला स्वयंपाक असे त्याची आठवण यावी इतका तो काटेकोर होता.

आम्ही परतलो. फेब्रुवारीअखेर दोनशे उड्या झाल्याचे त्याने फोनवर सांगितले. ताईने लगेच व्हिडिओ मागितला. तेव्हा कळले की त्याने मध्यंतरी पॅराशूट बदलले होते. ज्या पॅराशूटसह चित्रण करायचे त्याच्यावर अलीकडच्या किमान 50 उड्या असाव्यात अशीही शिफारस आहे, आणि नव्यावर त्याच्या 32 च झाल्या होत्या. आणखी 18. ताई म्हणाली, “हा मुलगा मुंजीचा मुहूर्त काढतोय की काय!” मला मात्र त्या 18 उड्यांचे फार कौतुक वाटले. त्या न मोजल्या असत्या तर अडवणारे कोणी नव्हते.

मग पहिल्या काही उड्या कॅमेऱ्याचे हेल्मेट घालून, पण कॅमेरा बंद ठेवून. त्यानंतर एकाच माणसाबरोबर, तोही जुना आणि स्थिर पडणारा. नवखा नाही, आणि मोठा गट तर नाहीच. पडणाऱ्या माणसाच्या वर हवेचा एक विस्कटलेला पट्टा असतो. त्यात शिरले की आधार जातो आणि वरचा माणूस खालच्यावर कोसळतो. म्हणून चांगले चित्र मिळेल अशा मोहापायी बरोबर डोक्यावर जायचे नाही. पुढे पाहुण्याला अंगाशी बांधून उडी घेणाऱ्या प्रशिक्षकाचे चित्रण करायचे झाले तर खालीही जायचे नाही: आपली छत्री अवेळी उघडली तर ती जोडी आपल्यावर येते. बाजूला राहायचे, अंतर राखायचे. समीक्षकांनाही हा नियम लावता आला असता, पण तो विषय वेगळा.

जूनमध्ये एका सकाळी ताईच्या फोनवर पहिली चित्रफीत आली. मी तेव्हा तिच्याकडेच होते. पडद्यावर विमानाचे दार, मग उलटेपालटे आकाश, मग क्षितिज तिरके आणि हळूहळू सरळ. पिवळ्या पोशाखातला तो शिक्षक समोर तरंगतो आहे, बराच वेळ चौकटीच्या डाव्या कडेला, एकदा तर नुसते त्याचे बूट. वाऱ्याचा आवाज इतका की आवाज बंद करावा लागला. ताईने पुढे-मागे करून पाहिले आणि म्हणाली, “यात हा कुठे आहे?”

मी सांगितले की तो यात असणारच नाही. हे सगळे त्याने पाहिलेले आहे.

तिला ते पटायला वेळ लागला. पाच-सहा महिने ज्याची वाट पाहिली त्या मिनिटात मुलगाच नव्हता. तिने पुन्हा पहिल्यापासून लावले. अर्ध्यावर एक हात क्षणभर चौकटीत आला, मनगटावर उंचीमापकाची तबकडी, आणि लगेच बाहेर गेला. तिने थांबवले, मागे घेतले, पुन्हा पाहिले. हात त्याचा होता. मग ती शेवटपर्यंत तो हात मोजत बसली. तीनदा आला.

रात्री त्याचा फोन आला तेव्हा तिने हाच आकडा सांगितला. तो म्हणाला, “कमी आहे. सरही तेच म्हणाले. उद्या पाचदा.”