कारवानी की पश्मी?

लातूरच्या स्टँडवरून नांदेडची गाडी धरली, की चाकूर आणि अहमदपूर मागे टाकून ती लोहा तालुक्यात शिरते आणि खंडोबाचे माळेगाव येते. मार्गशीर्ष सरत आला की इथे यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, गुरे असा मोठा बाजार असतो. अश्व आणि कुक्कुट प्रदर्शनाच्या जोडीला श्वान प्रदर्शनही असते. ते शोभतेही, कारण खंडेरायाजवळ घोड्याबरोबर कुत्रा हा असतोच.

वाचकहो, तुमच्या शेतातल्या घराला कुत्रा हवा असेल, तर या प्रदर्शनाला एक फेरी माराच. आपल्या भागात कारवानी आणि पश्मी अशा दोन जाती आहेत. खेड्यात गावठी कुत्री सगळीकडे दिसतात, पण ही दोन आता मोजक्याच घरी सापडतात. वाटेवरच्या चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव तर कारवानी कुत्र्यांसाठीच ओळखले जाते.

कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. पूर्वी पश्चिमेकडून दख्खनेत येणाऱ्या तांड्यांबरोबर ही कुत्री आली, असे सांगतात. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि उंच पाय ही यांची ठेवण. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, मालक याला खायला घालीत नाही की काय! पण धावण्यासाठी घडलेले हे अंग असेच सडसडीत असते. हेच कुत्रे सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ या नावाने ओळखले जाते. तिथल्या घोरपडे राजांनी ते जोपासले. २००५ साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होते.

पश्मीची ठेवण कारवानीसारखीच. फरक आहे तो केसांचा. फारसीत पश्म म्हणजे लोकर, पश्मिना शालीतला तोच शब्द. पश्मीच्या कानांवर, पायांमागे आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस असतात. दिसायला ती देखणी, आणि मुले तिच्यावर पटकन भाळतात.

आता घरी काय न्यावे? आधी आपले शिवार डोळ्यांसमोर आणा. बांधावर गोखरू, कुसळे, लांडगा असेल, तर पश्मीच्या केसांत ते रोज अडकणार. पावसाळ्यात चिखल आणि त्यामागून गोचिडी येणार. संध्याकाळी कंगवा घेऊन बसणारे, कान उलटून पाहणारे माणूस घरात असेल तरच पश्मी आणा. कारवानीचे केस आखूड. तिच्या अंगावरची गोचीड बोटाला लगेच लागते. मात्र तिची कातडी पातळ आणि अंगावर चरबी कमी. काटेरी तारेने ती फाटते, आणि पौषातल्या थंडीत तिला पोत्याचा आडोसा द्यावा लागतो.

बाकी बहुतेक गोष्टी दोघींच्या सारख्याच, आणि त्याच अधिक महत्त्वाच्या. ही कुत्री नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करणारी. दूरवर काही हलले की सुटली, मग हाकेला थांबत नाहीत. घरी कोंबड्या असतील तर पिल्लू लहान असतानाच ओळख करून द्या. मोठे कुत्रे आणून कोंबड्यांत सोडू नका. अनोळखी माणसाला ती जवळ करीत नाहीत, पण रात्रभर भुंकून गाव गोळा करणारी राखण हवी असेल तर गावठी कुत्राच बरा. आणि दिवसभर साखळीला बांधणार असाल, तर या दोघींतली एकही आणू नका. जी जात पळण्यासाठीच जन्मली, ती खुंट्याला चिडखोर होते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या कामासाठी ही कुत्री जोपासली गेली, ती शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. ससा असो वा काळवीट, कुत्र्याकरवी धरवणे हा गुन्हा आहे. "माझे कुत्रे शिकारीत पटाईत" अशी फुशारकी मारणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नका. पळवायचेच तर सकाळी मोकळ्या रानात, वन्य प्राणी नाहीत हे पाहून पळवा.

पिल्लू दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नये. घेताना आईला पाहा. आई भित्री किंवा अंगावर येणारी असेल तर पिल्लूही तसेच होण्याचा संभव फार. नुसत्या दूध-भाकरीवर त्याची हाडे भरत नाहीत. अंडी, मटणाचे तुकडे जोडीला हवेत. कांदा आणि द्राक्षे कुत्र्याला विषासारखी, तेव्हा औसा भागातल्या बागायतदारांनी जपावे. उंदरांचे औषध आणि फवारणीचे डबे कुलपात ठेवा. जंताचे औषध वेळेवर द्या. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. रेबीज झाल्यावर वाचत नाही, ना कुत्रा ना माणूस. आणि कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर "हे कारवानी आहे" असे डॉक्टरांना आधी सांगा. अशा सडसडीत कुत्र्यांना भूल जपून द्यावी लागते.

आपल्या देवणी गाईचे नाव देवणी गावावरून, लाल कंधारीचे कंधारवरून. ती जनावरे टिकली, कारण ती शेतकऱ्याच्या गोठ्यात कामाची राहिली. २०२० साली राष्ट्रीय नोंदीत मुधोळ कुत्र्याला स्थान मिळाले. पण नोंदवहीत जात जगत नाही, ती घरात जगते. म्हणून हौसेपेक्षा घर पाहून निवड करा. केस विंचरायला हात असतील तर पश्मी, नसतील तर कारवानी. आणि दोघींनाही पळायला रान नसेल, तर दारातल्या गावठी पिल्लालाच लस टोचून आणा. राखण तोही करील, आणि त्याचेही भले होईल.