एका ओळीतला पहारा

आजच्या स्प्रिंग सिक्युरिटीचं नाव २००८ पर्यंत असीजी होतं. तेव्हाची एक्सएमएल फाइल लांबलचक असायची, वाचताना डोळे शिणायचे. पण तिच्यात एक ओळ फार मोलाची होती. फिल्टरचेनप्रॉक्सी या बीनमध्ये सगळे फिल्टर स्वल्पविराम देऊन, ज्या क्रमाने चालायचे त्याच क्रमाने, नावानिशी लिहिलेले असत. आधी सेशनमधली ओळख काढणारा, मग लॉगिन तपासणारा, शेवटी परवानगी बघणारा. नव्या मुलाला ती ओळ दाखवली की अर्धी सिक्युरिटी शिकवून व्हायची. मला ती ओळ अजून आवडते.

मग २.० आवृत्ती आली आणि तेवढं सगळं एका एचटीटीपी टॅगमध्ये मावलं. अट एकच, वेब-एक्सएमएलमधल्या फिल्टरचं नाव 'स्प्रिंगसिक्युरिटीफिल्टरचेन' हेच हवं. तिथला डेलिगेटिंगफिल्टरप्रॉक्सी स्वतः काहीच तपासत नाही. वेगळं सांगितलं नसेल तर तो आपल्याच नावाची बीन शोधतो आणि रिक्वेस्ट तिच्या हवाली करतो. कुणी हौसेने दुसरं नाव दिलं की टॉमकॅट सुरू होतानाच लॉगमध्ये यायचं, या नावाची बीन नाही. शेजारच्या टेबलावरून आवाज यायचा, "आधी नाव बघ रे!" आणि चूक तिथेच सापडायची.

आता एक्सएमएल मागे पडलं, ६.० मध्ये वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअडॅप्टर हा बेस क्लासही गेला. कोड सुटसुटीत झाला, हे मान्यच. पण आता फिल्टरची चेन एका मेथडमधून येते आणि वेगळं सांगितलं नसेल तर मेथडचं नाव तेच बीनचं नाव. दोन कॉन्फिगरेशन क्लासमध्ये दोन जणांनी आपापल्या मेथडला 'फिल्टरचेन' म्हटलं, तर स्प्रिंग बूट २.१ पासून ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. हे फार चांगलं आहे. दुर्दैवाने घाईत कुणीतरी बीन ओव्हररायडिंग चालू करतं, एरर जाते आणि एररबरोबर एक चेनही जाते. उरलेली चेन फक्त एपीआयच्या पत्त्यांपुरती असेल, तर बाकीच्या पानांवर कुणाचाच पहारा राहत नाही. लॉगमध्ये लाल अक्षर नाही, डेमोत काही बिघडत नाही. नावाची चूक पूर्वी काम अडवायची, आता ती दार उघडं ठेवते. मला ही अदलाबदल महागाची वाटते.

म्हणून प्रत्येक चेनला तिचं काम सांगणारं नाव द्या, 'एपीआयसिक्युरिटीचेन', 'ॲडमिनसिक्युरिटीचेन' असं. आणि सिक्युरिटीच्या प्रोजेक्टमध्ये ओव्हररायडिंगची ती सेटिंग कृपा करून चालू करू नका.